संशोधकाची प्रकाशने आणि सायटेशन्स कशी तपासावीत : मेंदूविज्ञान व जैववैद्यकीय अभियांत्रिकीकडे वळणाऱ्यांसाठी

कोकणातून एम.एस्सी., बी.ई. किंवा एम.बी.बी.एस. झालेल्या ज्या मुलामुलींना मेंदूविज्ञानात अथवा जैववैद्यकीय अभियांत्रिकीत पीएच.डी. करायची असते, त्यांना गाइड बहुधा जिल्ह्याबाहेरच शोधावा लागतो. बेंगळुरूची निम्हान्स, मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था, पवईच्या आय.आय.टी.चा जैवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभाग, अशी ठिकाणे यादीत असतात. तिथल्या प्राध्यापकांशी ओळख मात्र कोणाची नसते. हाती असते ती त्यांच्या शोधनिबंधांची यादी आणि गूगल स्कॉलर या शोधनिबंध शोधण्याच्या सेवेवरचे दोन-चार आकडे : इतर निबंधांनी त्यांचे काम किती वेळा उद्धृत केले ती सायटेशन्स आणि त्यांवरून काढलेला एच-इंडेक्स. ग्रंथालयात ही यादी घेऊन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘यांचा एच-इंडेक्स चांगला आहे का?’ माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा असतो. निबंध नक्की त्याच व्यक्तीचे आहेत का, ते कोणत्या प्रकारचे आहेत आणि त्यात त्या व्यक्तीचे काम किती, हे आधी ठरवल्याशिवाय कोणत्याही आकड्याला अर्थ नाही. हे सगळे तपासायला एका प्राध्यापकामागे एक निवांत दुपार पुरते, आणि नेत्रावती एक्सप्रेसचे तिकीट काढून मुलाखतीला जाण्याआधी ती दुपार खर्च करणे परवडते.

निबंध त्याच माणसाचे आहेत का

यादीतली पहिली गडबड नावांची असते, आणि आपल्याकडच्या नावांची जरा जास्तच. सावंत, परब, राणे, नाईक ही आडनावे घेतली तर एकाच आद्याक्षराचे कितीतरी संशोधक सापडतात. गावडे हे आडनाव रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिले जाते, वडिलांचे नाव कधी मधे येते तर कधी गळते, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे पहिले दहा निबंध अनेकदा दुसऱ्याच व्यक्तीच्या नावावर पडून राहतात. पबमेड या जैववैद्यकीय निबंधांच्या मोफत सूचीत आडनावापुढे फक्त आद्याक्षरे दिसतात आणि लेखकांची पूर्ण नावे २००२पासूनच्या नोंदींतच मिळतात, म्हणून जुन्या निबंधांच्या बाबतीत केवळ नावावरून निष्कर्ष काढता येत नाही.

यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे ऑर्किड क्रमांक. २०१२ साली सुरू झालेली ही मोफत नोंदणी प्रत्येक संशोधकाला सोळा स्थानांचा क्रमांक देते. चार-चारच्या गटांत लिहिलेल्या त्या क्रमांकाचे शेवटचे स्थान क्वचित ‘एक्स’ या अक्षराचे असते, ती छपाईची चूक समजू नये. संशोधकाच्या संस्थेच्या पानावर किंवा अलीकडच्या निबंधाच्या पहिल्या पानावर हा क्रमांक सापडतो. तो उघडून तिथली यादी आणि गूगल स्कॉलरची यादी शेजारी-शेजारी ठेवावी. ऑर्किडची यादी पुष्कळदा अपुरी असते, कारण ती भरण्याचा कंटाळा सर्वांनाच असतो. स्कॉलरची यादी उलट फुगलेली असते, कारण तिथे यंत्र आपणहून निबंध जोडत जाते. मेंदूतील विद्युत्संकेतांवर काम करणाऱ्या प्राध्यापकाच्या पानावर कोकमाच्या रसावरचा एखादा निबंध दिसला, तर त्यात लबाडी शोधू नये. दापोलीच्या कृषी विद्यापीठातले कोणी नामसाधर्म्यामुळे तिथे येऊन बसले असण्याची शक्यता अधिक. मात्र असे दहा-पंधरा निबंध वर्षानुवर्षे तसेच राहिले असतील, तर पानाचा मालक ते पाहत नाही एवढे नक्की समजावे आणि त्या पानावरचे बेरजेचे आकडे बाजूला ठेवावेत.

स्कॉलरच्या पानावर आणखी दोन गोष्टी पाहायच्या. नावाखाली संस्थेचा पडताळलेला ईमेल आहे का ही पहिली. दुसरी, सायटेशनच्या आकड्याशेजारी तारांकन आहे का. एकाच निबंधाच्या दोन-तीन नोंदी एकत्र केल्या, की ते तारांकन येते. कधी ती योग्य दुरुस्ती असते, आणि कधी दोन वेगळे निबंध एकत्र बांधल्यामुळे आकडा वाढलेला असतो. तारांकन असलेल्या नोंदीवर टिचकी मारून आत काय बांधले आहे ते पाहावे.

यादी वर्षानुसार लावा

स्कॉलर यादी दाखवतो ती सायटेशनच्या उतरत्या क्रमाने. त्यामुळे पहिल्या वीस नोंदींत संशोधकाचे सर्वांत गाजलेले आणि बहुधा सर्वांत जुने काम दिसते. वर उजवीकडच्या ‘वर्ष’ या शब्दावर टिचकी मारली, की यादी उलगडते. हापूसची पेटी घेताना वरचा थर उचलून खालचा पाहतात, तसाच हा प्रकार. गेल्या पाच वर्षांत प्रयोगशाळेतून काय बाहेर पडले, विषय बदलला का, मधे दोन-तीन वर्षे काहीच का नाही, हे तिथे दिसते. मधल्या मोकळ्या वर्षांवरून लगेच मत बनवू नये. नवी प्रयोगशाळा उभारणे, बाळंतपण, उपकरण येण्यास झालेला उशीर, अशी कारणे असतात आणि ती यादीत लिहिलेली नसतात. प्राण्यांवरील मेंदूविज्ञानाच्या प्रयोगातून एक निबंध बाहेर पडायला तीन-चार वर्षे लागणे नवलाचे नाही, तर संकेत-प्रक्रियेवर काम करणारा अभियंता सार्वजनिक विदा (डेटा) वापरून वर्षाला तीन-चार निबंध लिहू शकतो. या दोघांची संख्या शेजारी ठेवून तुलना करणे व्यर्थ आहे.

आता प्रत्येक नोंदीचा प्रकार ठरवावा. मूळ संशोधन, समीक्षालेख, परिषदेतील निबंध, परिषदेतील नुसता सारांश, पूर्वप्रकाशन (छापून येण्याआधी जाळ्यावर खुला ठेवलेला निबंध) आणि पेटंट, हे प्रकार वहीत वेगळे करावेत. अभियांत्रिकीच्या बाजूला परिषदेतील निबंधाला मान आहे. आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेच्या वैद्यक व जीवशास्त्रातील अभियांत्रिकी सोसायटीची वार्षिक परिषद तपासून घेतलेले छोटे, पण पूर्ण निबंध छापते. मेंदूविज्ञानात मात्र परिषदेला नेलेल्या पोस्टरचा सारांश हे प्रकाशन मानले जात नाही. म्हणजे शंभर नोंदींची यादी दोन शाखांत दोन वेगळ्या वजनांची ठरते, आणि या दोन्ही शाखांच्या सीमेवर काम करणाऱ्याची यादी वाचताना तर हा भेद सतत लक्षात ठेवावा लागतो. बायोआर्काइव्ह हे पूर्वप्रकाशनांचे संकेतस्थळ २०१३ साली सुरू झाल्यापासून मेंदूविज्ञानातील निबंध छापून येण्याआधीच तिथे ठेवण्याची पद्धत रुळली आहे. तेव्हा पूर्वप्रकाशन आणि नंतरचा छापील निबंध हे एकच काम दोनदा मोजले जात नाही ना, हे शीर्षकावरून तपासावे. शीर्षक मधल्या काळात थोडे बदललेले असते, म्हणून लेखकांची यादीही जुळवून पाहावी.

त्या निबंधात यांचे काम कोणते

जीववैद्यकीय क्षेत्रात लेखकांचा क्रम बोलका असतो. पहिले नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे, बहुधा पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचे, शेवटचे नाव प्रयोगशाळा चालवणाऱ्याचे, आणि पत्रव्यवहाराची खूण ज्याच्या नावावर आहे तो त्या निबंधाची जबाबदारी घेणारा. दोन लेखकांचे योगदान समान असल्याची टीप असते, तीही वाचावी. अनेक नियतकालिके आता निबंधाच्या शेवटी ‘क्रेडिट’ या चौदा भूमिकांच्या पद्धतीने कोणी संकल्पना मांडली, कोणी विदा गोळा केली, कोणी आज्ञावली (सॉफ्टवेअर) लिहिली हे छापतात. हा परिच्छेद विद्यार्थी कधीच वाचत नाहीत, आणि सर्वांत जास्त माहिती तिथेच असते.

मोठ्या जागतिक गटांचे निबंध वेगळे काढावेत. मेंदूच्या प्रतिमा आणि जनुके यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या ‘एनिग्मा’सारख्या गटांच्या निबंधांवर शेकडो लेखक असतात. त्या कामाचे मोल कमी नाही, पण भारतातील एका केंद्राने काही स्कॅन पाठवले म्हणून तिथल्या प्राध्यापकाच्या नावावर हजारभर सायटेशन्स जमा होऊ शकतात. असे निबंध वगळून उरलेल्या यादीकडे पाहिले, म्हणजे प्रयोगशाळेत रोज काय चालते याचा अंदाज येतो.

गाइड निवडणाऱ्याने याच्या पुढची एक पायरी करावी. माझ्या दृष्टीने सर्व पडताळणीत तीच सर्वांत उपयोगाची आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा या प्रबंध-संग्रहात मार्गदर्शकाच्या नावाने शोध घेता येतो. त्या प्राध्यापकांच्या हाताखाली पूर्ण झालेले प्रबंध काढावेत, प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव वहीच्या डाव्या बाजूला लिहावे, आणि उजवीकडे त्या विद्यार्थ्याच्या नावे पहिल्या लेखकाचा निबंध कोणत्या वर्षी कोणत्या नियतकालिकात आला ते लिहावे. डावी बाजू भरलेली आणि उजवी रिकामी, असे दिसले तर विद्यार्थ्यांच्या कामावर पहिले नाव कोणाचे लागते हा प्रश्न उभा राहतो. दोन्ही बाजू भरलेल्या असतील, तर एच-इंडेक्स आठ असलेला तरुण प्राध्यापकसुद्धा तीस असलेल्या नामांकितापेक्षा चांगला गाइड ठरू शकतो. सर्व संस्था आपले प्रबंध शोधगंगेत ठेवत नाहीत. तसे असेल तर प्रयोगशाळेच्या पानावरील माजी विद्यार्थ्यांची यादी घेऊन हेच काम करावे.

आकडे कसे बनतात

एच-इंडेक्सची कल्पना होर्हे हिर्श या कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली मांडली. निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि निबंधाचा क्रमांक सायटेशनपेक्षा मोठा होण्याआधी थांबायचे. समजा एखाद्याच्या सहा निबंधांना १२०, ४०, ९, ५, ४ आणि २ सायटेशन्स आहेत. चौथ्या निबंधाला पाच आहेत, म्हणजे चार किंवा अधिक; पाचव्याला चारच आहेत. म्हणून एच-इंडेक्स ४. आता पहिल्या निबंधाची सायटेशन्स १२०वरून १२०० झाली तरी एच-इंडेक्स चारच राहतो. आणखी एक गोष्ट : हा आकडा वयाबरोबर वाढतो आणि कधीच खाली येत नाही, संशोधकाने काम थांबवले तरीही. आय-टेन हा गूगल स्कॉलरचा स्वतःचा सोपा हिशेब आहे, किमान दहा सायटेशन्स असलेले निबंध किती एवढाच. वरच्या उदाहरणात तो २ येतो.

एकाच व्यक्तीचा एच-इंडेक्स तीन ठिकाणी तीन वेगळे आकडे दाखवतो, आणि त्यात कोणाची चूक नसते. युजीन गारफील्ड यांनी १९६४ साली सुरू केलेल्या सायन्स सायटेशन इंडेक्सची आजची वंशज म्हणजे वेब ऑफ सायन्स; ती निवडक नियतकालिकेच मोजते. २००४ साली आलेले स्कोपस त्याहून थोडे सैल आहे. त्याच वर्षी आलेले गूगल स्कॉलर प्रबंध, पूर्वप्रकाशने, अहवाल असे जे जे जाळ्यात सापडेल ते मोजते, म्हणून तिथला आकडा जवळजवळ नेहमी सर्वांत मोठा असतो. पहिली दोन सशुल्क आहेत, तरी स्कोपसवर लेखकाचे नाव शोधून मूलभूत आकडे पाहण्याची सोय वर्गणीशिवायही आहे. २०२५पासून सुरू झालेली ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजना केंद्र व राज्य सरकारी संस्थांना हजारो नियतकालिके वाचायला देते. आपले महाविद्यालय त्यात बसते का, हे ग्रंथपालांना विचारावे. बसत नसेल तर पबमेड सेंट्रलवर पुष्कळ निबंध पूर्ण आणि मोफत मिळतात.

निबंध पबमेडमध्ये असतील, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे आय-साइट हे मोफत साधन वापरावे. निबंधांचे पबमेड क्रमांक तिथे टाकले, की प्रत्येकाचे सापेक्ष सायटेशन गुणोत्तर मिळते. त्याच विषयातील, त्याच काळातील निबंधांच्या तुलनेत हा निबंध कुठे आहे हे ते सांगते. १ म्हणजे त्या संस्थेच्या निधीवर झालेल्या निबंधांतला मधला निबंध. कृत्रिम हातावर काम करणारी दहा माणसांची शाखा आणि अल्झायमरवर काम करणारी हजारोंची शाखा यांची तुलना कच्च्या आकड्यांनी करण्यापेक्षा हे बरे. पबमेडमध्ये नसलेले अभियांत्रिकीचे निबंध मात्र यातून सुटतात. इम्पॅक्ट फॅक्टर हा नियतकालिकाचा सरासरी आकडा आहे, संशोधकाचा नव्हे; तो या वहीत लिहूच नये.

सायटेशनच्या आत डोकावणे

सर्वाधिक सायटेशन्स कोणत्या निबंधाला आहेत हे पाहिले, की बहुतेक वेळा तो पद्धतीचा, साधनाचा किंवा विदा-संग्रहाचा निघतो. प्रथिने मोजण्याच्या पद्धतीवरचा लाउरी यांचा १९५१चा निबंध आजवर तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाला आहे, आणि त्यात मोठा सिद्धान्त कोणताच नाही. आपल्या विषयात ई.ई.जी.च्या, म्हणजे मेंदूच्या विद्युत्आलेखाच्या, विश्लेषणाची ‘ईईजीलॅब’ ही आज्ञावली सांगणारा २००४चा निबंध किंवा ‘फिजिओनेट’ हा शरीरसंकेतांचा संग्रह जाहीर करणारा २०००चा निबंध पाहावा. जो कोणी ते साधन वापरतो तो त्याचा उल्लेख करतो, म्हणून आकडा चढत जातो. असे साधन घडवणे हे मोठेच काम आहे. फक्त त्या आकड्यावरून ‘यांच्या शोधाने मेंदूची समज बदलली’ असे वाक्य कोणी लिहू नये. याच्या उलट टोकाला हॉजकिन आणि हक्स्ली यांचे १९५२चे निबंध आहेत. चेतापेशीतील विद्युत्संकेताची त्यांची समीकरणे इतकी अंगवळणी पडली आहेत, की अनेक जण ती वापरताना मूळ निबंधाचा उल्लेखही करत नाहीत. १९६३च्या नोबेलच्या मानकऱ्यांचीही काही सायटेशन्स अशी नोंदलीच जात नाहीत.

आतले पाहण्याची रीत सोपी आहे. स्कॉलरवर निबंधाखालच्या सायटेशनच्या आकड्यावर टिचकी मारावी; उद्धृत करणाऱ्या निबंधांची यादी उघडते, आणि तिच्या वर त्याच यादीत शोध घेण्याची चौकट असते. ती चौकट निवडून संशोधकाचे स्वतःचे नाव टाकले, की स्वतःच स्वतःला किती वेळा उद्धृत केले याचा अंदाज लागतो. थोडे स्व-सायटेशन स्वाभाविक आहे. एका मालिकेतील चौथा निबंध आधीच्या तिघांचा उल्लेख करणारच. निम्म्याहून अधिक सायटेशन्स स्वतःची आणि त्याच तीन-चार सहकाऱ्यांची असतील, तर मात्र ती नोंद वहीत ठळक करावी. मग वेगळ्या देशांतील, वेगळ्या गटांचे पाच निबंध उघडून त्यात आपल्या संशोधकाचे नाव कोणत्या वाक्यात आले आहे ते वाचावे. प्रस्तावनेतील आठ जणांच्या रांगेत एक नाव असणे वेगळे, आणि ‘आम्ही यांची पद्धत वापरली’ किंवा ‘आमचे निष्कर्ष यांच्याशी जुळत नाहीत’ असे स्वतंत्र वाक्य असणे वेगळे. विरोध नोंदवणारे सायटेशनही मोजणीत एकच धरले जाते.

मागे घेतलेला निबंध हा याचाच टोकाचा भाग. अल्झायमरमधील एका विशिष्ट प्रथिनरूपाविषयीचा २००६चा ‘नेचर’मधील निबंध दोन हजारांहून अधिक वेळा उद्धृत झाला, त्यातील प्रतिमांवर आक्षेप आले, आणि २०२४ साली तो मागे घेण्यात आला. ती हजारो सायटेशन्स मोजणीतून पुसली जात नाहीत. पबमेडवर अशा निबंधाच्या वर ठळक पट्टी दिसते. शिवाय मागे घेतलेल्या निबंधांवर नजर ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची नोंदवही २०२३पासून क्रॉसरेफ या निबंधांच्या डी.ओ.आय. क्रमांकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेमार्फत सर्वांना खुली आहे, तिथे नाव टाकून पाहावे. एखादा निबंध मागे घेतला म्हणजे फसवणूकच झाली असे नाही. स्वतःची चूक कळल्यावर लेखकांनी आपणहून मागे घेतलेला निबंध मी तरी संशोधकाच्या बाजूने धरतो. मागे घेण्याची सूचना एक परिच्छेदाची असते, ती वाचल्याशिवाय मत बनवू नये.

दोन टक्क्यांची बातमी

दरवर्षी आपल्या स्थानिक वृत्तपत्रांत ‘स्टॅनफर्डच्या जगातील दोन टक्के शास्त्रज्ञांत कोकणच्या सुपुत्राची निवड’ अशा मथळ्याची बातमी येते आणि सत्कारही होतात. सत्काराला हरकत नाही. पण ही निवड नसते, अर्जही नसतो, आणि स्टॅनफर्ड विद्यापीठ कोणाला पदवी देत नसते. जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपसच्या विदेवरून एक एकत्रित गुणांक काढून ही यादी प्रसिद्ध करतात. तिचे दोन तक्ते असतात, एक संपूर्ण कारकिर्दीचा आणि एक एकाच वर्षाचा. एका वर्षाच्या तक्त्यात येणे आणि कारकिर्दीच्या तक्त्यात येणे यांत पुष्कळ अंतर आहे, आणि बातमीत ते सांगितलेले नसते. यादीतला कामाचा भाग वेगळाच आहे : स्व-सायटेशन धरून आणि वगळून असे दोन्ही क्रमांक तिथे शेजारी दिलेले असतात. ते दोन क्रमांक पाहिले, की वरची मेहनत थोडी वाचते.

काही कामे या कोणत्याही मोजणीत येत नाहीत. श्री चित्रा संस्थेत विकसित झालेली हृदयाची कृत्रिम झडप १९९० साली प्रथम रुग्णाला बसवली गेली आणि नंतर लाखाहून अधिक रुग्णांपर्यंत पोचली. तिच्यामागच्या अभियंत्यांचे मोल एच-इंडेक्समध्ये शोधणे वेडेपणाचे ठरेल. म्हणून अभियांत्रिकीच्या संशोधकाची पेटंटे भारतीय पेटंट कार्यालयाच्या शोधपानावर पाहावीत, आणि अर्ज केलेले व मंजूर झालेले असे दोन रकाने करावेत. नियतकालिकांचा दर्जा ठरवताना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केअर यादीचा दाखला अजूनही दिला जातो, पण आयोगाने ती २०२५मध्ये बंद केली आहे. आता नियतकालिकाचे संपादक मंडळ, शुल्क आणि पबमेड अथवा स्कोपसमधील नोंद स्वतः पाहावी लागते.

स्वतःचा पहिला निबंध पाठवतानाच नावाचे रोमन स्पेलिंग कायमचे ठरवून ऑर्किड क्रमांक घ्यावा. निबंध सादर करताना तो क्रमांक भरला आणि क्रॉसरेफला परवानगी दिली, की पुढची नोंद आपोआप होते.

वहीतील पान पूर्ण झाल्यावर त्यावर आकडा, तो कुठून घेतला आणि कोणत्या तारखेला पाहिला हे तिन्ही लिहावे, कारण हे आकडे सतत बदलत असतात आणि तारखेविना केलेला उल्लेख कोणालाच पडताळता येत नाही. त्याच पानाच्या खाली, प्राध्यापकांना पाठवायच्या ईमेलसाठी, त्यांच्या गेल्या तीन वर्षांतील एका निबंधाचे शीर्षक आणि तो वाचताना पडलेला एक प्रश्न लिहून ठेवावा.